शिवरायांचा चेहरा आणि तांब्याचा पत्रा

विसाव्या शतकाच्या आरंभी महाराष्ट्रात शिवछत्रपतींचे म्हणून जे चित्र सर्रास छापले जाई, ते वस्तुतः इब्राहिमखान नावाच्या सरदाराचे होते. १९३३ साली वा. सी. बेंद्रे यांनी व्हॅलेंटाइन या डच लेखकाच्या नावाशी निगडित चित्र पुढे आणले आणि हा गैरसमज मोडला.

फ्रान्स्वा व्हॅलेंटाइन हा डच ईस्ट इंडिया कंपनीचा धर्मोपदेशक. १७२४ ते १७२६ या काळात त्याचा पूर्वेकडील देशांवरचा प्रचंड ग्रंथ निघाला. महाराजांचे निधन १६८०चे; म्हणजे मधे चार दशकांहून अधिक काळ लोटलेला. मग चेहरा आला कोठून?

उत्तर गोवळकोंड्याकडे बोट दाखवते. तेथील चितारी दख्खनच्या व मोगल राजपुरुषांच्या तसबिरी संच करून परदेशी गिऱ्हाइकांना विकत. अ‍ॅमस्टरडॅमचा महापौर निकोलास विट्सेन याच्याकडे असा ४९ चित्रांचा संच होता. तो सुमारे १६८६चा, म्हणजे औरंगजेबाने गोवळकोंडा घेण्याच्या जेमतेम वर्षभर आधीचा. त्यात शिवरायही आहेत. आज तो अ‍ॅमस्टरडॅमच्या राइक्स संग्रहालयात आहे.

परंतु रंगीत तसबीर जशीच्या तशी ग्रंथात छापता येत नसे. कारागीर तांब्याच्या गुळगुळीत पत्र्यावर पोलादी कोरणीने रेषा खोदी. दुसरी रीत तेजाबाची: पत्र्यावर मेणाचा लेप द्यायचा, सुईने तो खरवडून चित्र काढायचे आणि उघडे पडलेले तांबे तेजाबाला खाऊ द्यायचे. मग खाचांत शाई भरून पृष्ठभाग पुसायचा आणि ओलसर कागद दाबयंत्रातून काढायचा. छाप उलटी उमटते. म्हणून मूळ चित्र पत्र्यावर उलटे करून न घेतल्यास उजव्या हातातील तलवार डाव्या हातात जाते! पोशाखाच्या बारकाव्यांवर वाद घालणाऱ्यांनी हे आधी तपासावे.

गोवळकोंडी चित्रात सपाट रंग असतो, छाया जवळजवळ नसतेच. युरोपीय कोरक्या मात्र आडव्याउभ्या रेषांच्या जाळीने गालाला गोलाई देई. ती गोलाई त्याच्या हाताची; नाकाची ठेवण, दाढीचा आकार, शिरोवेष्टन हे बहुधा मूळ चित्राचे. साक्ष म्हणून भरवसा ठेवायचा तो या दुसऱ्या गोष्टींवर.

तसबिरीवरचे नाव कागद कापताना हरवू शकते. पत्र्यावर कोरलेले नाव प्रत्येक प्रतीत चेहऱ्यासोबत जाते. अर्थात चुकीचे कोरले गेले, तर चूकही तितक्याच प्रतींत जाते.