धर्माधारित वैद्यकीय नकार

स्वतःच्या धर्मश्रद्धेला पटत नाही म्हणून डॉक्टरने कायदेशीर उपचाराला दिलेला नकार. गर्भपात व नसबंदीच्या बाबतीत हा प्रश्न विशेष उद्भवतो. ब्रिटनच्या १९६७ च्या गर्भपात कायद्याने डॉक्टरांना अशी मुभा दिली. महाराष्ट्राचे तत्कालीन आरोग्यमंत्री शांतिलाल शहा यांच्या समितीच्या शिफारशींवरून झालेल्या भारताच्या १९७१ च्या कायद्यात ती नाही.

उलट, भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेतील कलम ७.१५ नुसार, वैद्यकीय गरज असताना केवळ धर्माच्या कारणावरून नसबंदी, संततिनियमन, सुंता किंवा गर्भपात नाकारता येत नाही. आपल्याला ते काम जमणारे नाही असे डॉक्टरला वाटले, तरच सूट. ऑगस्ट २०२३ मधली नवी नियमावली त्याच महिन्यात स्थगित झाल्याने हेच कलम लागू आहे.

नियमाची खरी पळवाट या सुटीत आहे. ‘आमच्याकडे होत नाही’ एवढे तोंडी सांगितले की कारण श्रद्धेचे, कौशल्याचे की गर्भलिंगनिदान कायद्याच्या धास्तीचे, हे कागदावर येतच नाही. फटाक्यांच्या कारखान्यांसाठी ओळखल्या जाणाऱ्या तेरखेड्यात (ता. वाशी, जि. धाराशिव) मजुरी करणाऱ्या बाईला असे उत्तर मिळाले, तर रोज बुडवून, गाडीभाड्याची जुळवाजुळव करून, घरी काहीतरी सांगून तिने जिल्ह्याचे ठिकाण गाठायचे. त्यात आठवडे जातात. गर्भपात कायद्याच्या २०२१ च्या दुरुस्तीनुसार २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरचे मत पुरते. पुढे २४ पर्यंत दोघांचे लागते आणि तेही ठरावीक गटांतील स्त्रियांपुरतेच. म्हणजे डॉक्टरच्या नकाराने तिचा हक्कच आक्रसू शकतो. हा भार तिच्यावर टाकणे अन्यायाचे आहे.

नकार जिवावरही बेतू शकतो. बेळगावच्या दंतवैद्य सविता हालप्पनवार यांचा २०१२ मध्ये आयर्लंडमधील गॉलवे येथे मृत्यू झाला. गर्भ वाचणार नव्हता, तरी त्याचे ठोके सुरू असल्याने गर्भपात नाकारला गेला आणि जंतुसंसर्ग शरीरभर पसरला. तिथे अडसर मुख्यतः कायद्याचा होता. आयर्लंडच्या २०१८ च्या कायद्याने डॉक्टरला बाजूला होण्याची मुभा दिली. मात्र रुग्णाची दुसरीकडे सोय लावणे बंधनकारक केले आणि जिवावर बेतले असता मुभा काढून घेतली.

आपल्याकडेही नकार लेखी हवा, दुसऱ्या डॉक्टरची व्यवस्था त्याच दिवशी व्हावी आणि ती करण्याची जबाबदारी रुग्णालयाची असावी. सरकारी केंद्रात नेमणूक करतानाच डॉक्टरची हरकत विचारून घेतली, तर तिथे दुसरा डॉक्टर आधीच नेमता येईल.