संघ कोण निवडतो?

जानेवारीत नातवाचा फोन आला. तो अमेरिकेत असतो हे तुम्हा बहुतेकांना माहीत आहेच. "आजोबा, एक मत द्या ना," म्हणाला. मला वाटलं तिकडे निवडणुका लागल्या की काय! पण मत बास्केटबॉलसाठी होतं. तिकडच्या व्यावसायिक संघांतल्या निवडक खेळाडूंचा दर वर्षी एक सामना होतो. त्यात कोण खेळणार हे ठरवायला जगभरातल्या लोकांना इंटरनेटवरून मत देता येतं. गोंदियाच्या एका निवृत्त मास्तरलासुद्धा!

मी म्हटलं, "अरे, मला त्यातला एकही खेळाडू माहीत नाही." तर म्हणतो, "म्हणून काय झालं, मी सांगतो त्याला द्या." आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत असंच चालतं, असं मी त्याला सांगितलं. तो हसला. पण फोन ठेवल्यावर विचार करत बसलो. खेळाडू निवडतो कोण? आणि ज्याला निवडलं नाही, त्याला कोण उत्तर देतो?

मग थोडं वाचलं. त्या सामन्याची सुरुवात १९५१ साली बॉस्टनला झाली. पहिली पंचवीसेक वर्षं संघाचे सुरुवातीचे खेळाडू वार्ताहर मंडळी निवडत. १९७५ पासून ते काम प्रेक्षकांकडे आलं. राखीव खेळाडू मात्र प्रशिक्षक निवडतात. २००३ साली याओ मिंग या चिनी खेळाडूला शकील ओ'नील या तिथल्या मोठ्या खेळाडूपेक्षा जास्त मतं पडली. त्या वर्षी मतपत्रिका चिनी भाषेतही काढल्या होत्या. पुढे नुसत्या लोकप्रियतेवर कुणीही निवडून येईल अशी भीती वाटू लागली, म्हणून २०१७ पासून प्रेक्षकांच्या मताला निम्मं वजन, आणि उरलेलं निम्मं खेळाडू आणि पत्रकार यांच्यात सारखं वाटलं. म्हणजे निवडीचा अधिकार कुणा एकाच्या हाती देऊन चालत नाही, हे समजायला त्यांनाही बराच काळ लागला.

आपल्याकडे असा 'निवडक खेळाडूंचा सामना' होता का? होता, आणि तो त्यांच्याही आधीचा. मुंबईचे चौरंगी क्रिकेट सामने! युरोपियन आणि पारशी यांच्यात आधीपासून सामने होत. १९०७ साली हिंदू आले, तिरंगी झाली. १९१२ साली मुसलमान आले, चौरंगी झाली. १९३७ साली 'इतर' नावाचा पाचवा संघ आला, म्हणजे ख्रिस्ती, ज्यू, अँग्लो-इंडियन वगैरे जे कुठल्याच डब्यात बसत नव्हते ते सगळे. त्या 'इतरां'तच आपले सांगलीचे विजय हजारे होते. १९४३ च्या अंतिम सामन्यात दुसऱ्या डावात संघाच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या! भाऊ विवेक दुसऱ्या टोकाला उभा राहिला आणि त्याने २१ केल्या. सामना तरीही हरले.

या संघांत केवळ मुंबईकर नसत. बाहेरगावचे चांगले खेळाडू बोलावले जात. आपल्या नागपूरचे सी. के. नायडू १९१६ साली असेच हिंदू संघात गेले. पुढे १९२६ साली त्यांनी एम.सी.सी.विरुद्ध अकरा षटकार मारून १५३ धावा केल्या आणि १९३२ साली भारताच्या पहिल्या कसोटीचे ते कर्णधार झाले. आमच्या लहानपणी घरातली वडीलधारी माणसं सी. के. हे नाव घेताना जरा ताठ बसत.

पण मला आज सांगायचंय ते दुसऱ्या एका नावाबद्दल. पालवणकर बाळू.

बाळू चर्मकार समाजातले. पुण्यात पारशांच्या क्लबात मैदान झाडायचं, खेळपट्टी राखायची हे त्यांचं काम. नंतर गोऱ्यांच्या पूना क्लबात महिना चार रुपयांवर लागले. तिथे साहेबांना सरावासाठी गोलंदाजी करता करता हा माणूस देशातला सर्वांत उत्तम डावखुरा फिरकी गोलंदाज झाला. पुण्याच्या हिंदूंना गोऱ्यांना हरवायचं होतं, म्हणून बाळूंना संघात घेतलं. मैदानात चेंडू सगळे हाताळत, पण चहाच्या वेळी बाळूंना चहा बाहेर, मातीच्या वेगळ्या भांड्यात. चेंडूला विटाळ नव्हता, कपाला होता!

१९११ साली पहिला अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. कर्णधार पतियाळाचे महाराज. खेळाडू निवडताना पारशी किती, हिंदू किती, मुसलमान किती याचा हिशेब झालाच. तो संघ पुष्कळ सामने हरला, पण बाळूंनी त्या दौऱ्यात शंभरावर बळी घेतले. परतल्यावर मुंबईत दलित समाजातर्फे त्यांचा सत्कार झाला. त्यांचं मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिलं होतं, असं रामचंद्र गुहा यांनी आपल्या क्रिकेटच्या इतिहासात नोंदवलं आहे.

एवढं करूनही हिंदू संघाचं कर्णधारपद बाळूंना मिळालं नाही. निवड हिंदू जिमखान्याच्या हाती होती. गंमत अशी की १९१३ साली कर्णधार झालेले एम. डी. पै यांनी स्वतः आपल्या सत्काराच्या सभेत बोलून दाखवलं, की हा मान माझ्यापेक्षा ज्येष्ठ असलेल्या बाळूंना मिळायला हवा होता. ज्याला निवडलं तोच सांगतोय की निवड चुकली! तरी समितीला पाझर फुटला नाही.

१९२० साली तर बाळूंना संघातूनच वगळलं. वय झालं, हे कारण सोयीचं होतं. तेव्हा त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल आणि शिवराम संघातून बाहेर पडले आणि त्यांनी आपलं म्हणणं जाहीरपणे मांडलं. शेवटी तडजोड झाली. बाळू संघात परत आले, उपकर्णधार म्हणून. अंतिम सामन्यात कर्णधार पै काही वेळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ नेतृत्व बाळूंकडे आलं. नाव पैंचं, मैदान बाळूंचं. आपल्या समाजात कोणतीही नवी गोष्ट पहिल्यांदा येते ती अशी मागच्या दाराने.

हे १९२० साल लक्षात ठेवा. त्याच वर्षी मे महिन्याच्या अखेरीस आपल्या नागपुरात शाहू महाराजांच्या अध्यक्षतेखाली बहिष्कृत वर्गाची अखिल भारतीय परिषद झाली, आणि डिसेंबरात नागपुरातच काँग्रेसचं अधिवेशन होऊन अस्पृश्यता नष्ट करण्याचं आवाहन झालं. देशातलं वारं बदलत होतं. ते जिमखान्याच्या खिडकीतून आत शिरायला आणखी तीन वर्षं लागली. १९२३ साली विठ्ठल कर्णधार झाले, आणि त्या वर्षी हिंदूंनी युरोपियनांना हरवून चौरंगी जिंकली. लोकांनी त्यांना खांद्यावर उचलून घेतलं. विठ्ठल यांनी पुढे 'माझे क्रीडा-जीवन' नावाचं आत्मचरित्र लिहिलं. बाळू मात्र कधीच पूर्ण कर्णधार झाले नाहीत. १९३७ च्या निवडणुकीत ते काँग्रेसतर्फे बाबासाहेबांच्याच विरुद्ध उभे राहिले आणि पडले. ज्यांनी मानपत्र लिहिलं त्यांच्याच विरुद्ध. १९५५ साली ते वारले.

धर्मवार सामने १९४६ साली बंद झाले. नंतर १९६१-६२ पासून दुलीप करंडक आला, विभागवार. आपला विदर्भ मध्य विभागात. धर्म गेला, प्रांत आला. मग 'आमच्या विभागाचा कोटा' अशी भाषा सुरू झाली. २०२४ साली विभाग मोडून निवड समितीनेच चार संघ पाडले, २०२५ साली परत विभाग आणले. कुठलीही पद्धत घ्या, कुणी ना कुणी राहतोच. विदर्भ तर वर्षानुवर्षं 'राहिलेल्यां'पैकीच. विदर्भाकडून खेळणारा पहिला कसोटीपटू, खाणकामगाराचा मुलगा उमेश यादव, २०११ साली भारताकडून कसोटी खेळला, तेव्हा कुठे आपल्याकडे बघायला सुरुवात झाली. पुढे विदर्भाने तीनदा रणजी जिंकली. २०२५ च्या इराणी सामन्यात तर 'शेष भारत' म्हणून साऱ्या देशातून निवडलेल्या संघाला नागपुरात हरवलं. त्या दिवशी आमच्या कट्ट्यावर मीच पेढे वाटले.

इथपर्यंत इतिहास झाला. इतिहासाच्या मास्तरला एवढ्यावर थांबायची सवय असते. पण आज थांबणार नाही.

१९८३ सालची गोष्ट. तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, आपण भंडाऱ्यात होतो. मी नवेगावबांधच्या बाजूच्या एका शाळेत होतो. खेळाचे शिक्षक नव्हते, म्हणून कबड्डीचा संघ माझ्याकडे. बारा मुलं न्यायची, त्यातली सात मैदानात, पाच राखीव. आठवीतला एक मुलगा होता, ढिवरटोलीतला. तलावात पोहून पोहून त्याचा दम असा, की चढाईला गेला की समोरच्यांचा धीर सुटे आणि याचा श्वास मात्र सुटत नसे. सरावात त्याला धरणं कुणाला जमलं नव्हतं.

आणि दुसरा एक मुलगा होता, गावातल्या वजनदार घरचा. बरा खेळायचा. मैदानाला चुना त्यांच्याकडून आला होता, स्पर्धेला जायला ट्रॅक्टर त्यांचा होता. मला कुणी दमदाटी केली नाही, हे मुद्दाम सांगतो. कुणी काही बोललंसुद्धा नाही. मीच रात्री कंदिलाजवळ बसून यादी केली आणि ढिवराच्या पोराचं नाव आठव्या क्रमांकावर लिहिलं.

सकाळी तो माझ्याकडे आला. "गुरुजी, माह्यं नाव सातात काहून नाई जी?"

मी म्हटलं, "तू लहान आहेस अजून. पुढच्या वर्षी घेऊ."

तो काही बोलला नाही. स्पर्धेत पाण्याची बादली आणि सगळ्यांच्या पिशव्या त्यानेच सांभाळल्या. आम्ही हरलो. पुढच्या वर्षी तो शाळेत नव्हता, बापाबरोबर जाळं ओढायला लागला होता.

मी त्याची शाळा सोडवली असं मी म्हणत नाही. गरिबीने सोडवली असेल. पण अशा मुलाला शाळेत धरून ठेवणारी एक दोरी माझ्या हातात होती, ती मी सोडली. नंतर कितीतरी वर्षांनी बाळूंची हकीकत वाचताना 'वय' या शब्दापाशी आलो आणि पुस्तक मिटून ठेवलं. त्यांना म्हातारा म्हटलं, मी याला लहान म्हटलं. नको असलेल्या माणसाचं वय कधीच बरोबर नसतं.

गेल्या दिवाळीनंतर नवेगावला जाणं झालं. बाजारात शिंगाडे घेत होतो. विकणारा उठून उभा राहिला आणि पाया पडला. केस पांढरे झालेले, पण ओळखलं. त्याने चहा मागवला. मुलगा पुण्यात कंपनीत आहे म्हणाला, मुलगी नर्स आहे. मी धीर करून म्हटलं, "अरे, त्या वर्षी मी तुला सातात घ्यायला पाहिजे होतं. माझं चुकलं."

मला वाटलं म्हणेल, जाऊ द्या गुरुजी, मले काई आठवत नाई. निदान मला तसं ऐकायचं होतं.

तो म्हणाला, "सात गुणांनं हारलो होतो जी आपण. उत्तरार्धात एकबी चढाई लागली नाई."

मला गुण आठवत नव्हते. बेचाळीस वर्षं त्याने ते जपून ठेवले होते. पिशवीत शिंगाडे जरा जास्तच घातले त्याने आणि पैसे घेईना. बळेच दिले.

नातवाला परवा फोन केला आणि हे सगळं सांगितलं. तो जरा वेळ गप्प होता. मग म्हणाला, "आजोबा, मग तुम्ही मत दिलंत का नाही?" दिलं रे बाबा. पण तू सांगितलेल्याला नाही. दोन संध्याकाळी बसून सामने पाहिले, खेळ समजेल तेवढा समजून घेतला आणि मग दिलं. कुणाला ते सांगणार नाही. मतदान गुप्त असतं.

असो. तुमच्याही हातून कधी एखादी यादी झाली असेल. वर्गाच्या मॉनिटरची असेल, लग्नाच्या आमंत्रणांची असेल, नाहीतर नोकरीतल्या बढतीची. आठव्या क्रमांकावर कोण होतं, आठवतं का?