शेवटचं पान नसलेल्या कादंबऱ्या

आमचं पूर्णा हे रेल्वेचं गाव. निजामाच्या राजवटीत, १९०० साली, हैदराबाद-मनमाड मार्ग सुरू झाला. पुढे इथून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि गाव जंक्शन झालं. इथे उतरलेला माणूस पुढच्या गाडीसाठी तीन-तीन तास बसून राहायचा. त्याच्या हातात हमखास एखादी रहस्यकथा असायची आणि वाचून झाली की ती गावातच राहायची.

माझे अब्बा लोको शेडमध्ये फायरमन होते. त्यांची शाळा निजामी अमलातली, म्हणून उर्दूतली. मराठी बोलायचे झकास, पण वाचता यायची नाही. त्यांच्या डब्याच्या पिशवीत 'जासूसी दुनिया'चा अंक असायचा. इब्ने सफींनी १९५२ च्या मार्चमध्ये अलाहाबादेतून ही मालिका सुरू केली. त्याच वर्षी ते कराचीला गेले, पण पुस्तकं इकडेही छापली जात राहिली. फाळणीने माणसं वाटली, कर्नल फरीदी आणि कॅप्टन हमीद मात्र दोन्हीकडचे राहिले. मध्ये तीनेक वर्षं सफी आजारी होते. १९६३ मध्ये 'डेढ मतवाले' आली तेव्हा रनिंग रूममध्ये ती वाचायला नंबर लागले होते, असं अब्बा सांगायचे. १९८० मध्ये सफी वारले. त्या रात्री अब्बा जेवले नाहीत, एवढं मला आठवतं.

मी मराठी शाळेत. स्टेशन रस्त्यावर एका टपरीत भाड्याने पुस्तकं मिळत. खाकी पुठ्ठा घातलेली, सुतळीने शिवलेली. तिथे मला बाबुराव अर्नाळकर भेटले. खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण. १९०६ ते १९९६ एवढं आयुष्य आणि हजाराच्या वर रहस्यकथा! त्यांचे धनंजय-छोटू, झुंजार आणि काळापहाड घराघरांत माहीत होते. मी कंदिलापाशी मोठ्याने वाचायचो आणि अब्बा खाटेवर पडून ऐकायचे. प्रकरण संपलं की, "फिर क्या हुआ, बोल!" मग दुसऱ्या रात्री ते मला फरीदी सांगायचे. आमच्या घरात मराठी अशी आली. पुढे मी कविता लिहू लागलो. माझ्या ओळीत ताल आहे असं कुणी म्हटलं की मला ते मोठ्याने वाचणं आठवतं.

शाळेत एका गुरुजींनी दप्तरातलं असं पुस्तक काढून सगळ्या वर्गासमोर फाडलं. 'असलं' वाचून पोरं बिघडतात, म्हणाले. 'असलं' हा शब्द मी पुढे साहित्य संमेलनांच्या मांडवातही ऐकला. गंमत पाहा, २०११ मध्ये शम्सुर्रहमान फारुकींसारख्या उर्दूतल्या मोठ्या समीक्षकाचं इब्ने सफींच्या चार कादंबऱ्यांचं इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध झालं. मराठीतले थोर समीक्षक काळापहाडासाठी एवढे वाकले असते का, याबद्दल मला शंका आहे.

सुहास शिरवळकरांचं माझ्यावर वेगळंच ऋण आहे. 'दुनियादारी' सगळ्यांना ठाऊक आहे, २०१३ मध्ये तिच्यावर सिनेमाही निघाला. पण मला आधी भेटला तो त्यांचा फिरोज इराणी. इराणी म्हणजे नेमका कोण हे मला कळत नव्हतं. पण फिरोज नावाची दोन पोरं आमच्या गल्लीत होती! पाठ्यपुस्तकात असं नाव आलंच तर ते इतिहासातल्या लढाईत. इथे तो मराठी बोलत होता, गुन्हेगार शोधत होता आणि लेखकाने त्याचं कौतुक वगैरे न करता त्याला सरळ नायक केलं होतं. ते पान मी अब्बांना दोनदा वाचून दाखवलं.

आता तरुण मुलं विचारतात, सुरुवात कुठून करू? मी म्हणतो, शिरवळकरांपासून, कारण भाषा आजची वाटते. मग नारायण धारपांची 'लुचाई' घ्या. ती स्टीफन किंगच्या 'सेलम्स लॉट'वर बेतलेली आहे, पण भीती पुरती आपल्या गावात आणून बसवली आहे. रात्री एकट्याने वाचू नये. अर्नाळकर शेवटी घ्या आणि घाई करू नका. त्यांच्या कथा एकसारख्या वाटतात, काही आहेतही. गुरुनाथ नाईकांचंही तसंच. त्यांनीही ढिगाने लिहिलं, चाळून घ्यावं लागतं.

अडचण पुस्तकं मिळण्याची आहे. ती लिहिली गेली हजारोंनी आणि गेलीही रद्दीत. ग्रंथालयांनी ती 'असलं' म्हणून जपली नाहीत आणि भाड्याच्या दुकानांत ती वाचून-वाचून फाटली. पहिल्यांदा जायचं ते शेवटचं पान. आम्हाला एक कादंबरी तशीच मिळाली होती. खुनी कोण ते कळेना. अब्बांनी खाटेवरूनच शेवट रचला. खुनी मुनीमच, कारण तो फार नम्रपणे बोलतो, म्हणाले. मी ते मान्य केलं.

ते गेल्यावर बऱ्याच वर्षांनी नांदेडला एका रद्दीवाल्याकडे तीच कादंबरी सापडली, अख्खी. नाव सांगत नाही, नाहीतर कुणाचं तरी रहस्य फुटायचं. दुकानात उभ्या-उभ्याच शेवट वाचला. मुनीम निर्दोष होता. दहा रुपये दिले आणि परतीच्या गाडीत पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला घेतली, हळू आवाजात. समोरचा प्रवासी थोडा वेळ बघत राहिला, मग सरकून जवळ बसला.