मस्सा (देवाची परीक्षा पाहणे)

मिसरमधून सुटलेल्या इस्राएली लोकांना अरण्यात रफीदीम येथे पाणी मिळेना, त्या प्रसंगावरून पडलेले स्थलनाम. हिब्रूत ‘मस्सा’ म्हणजे परीक्षा. जोडनाम ‘मरीबा’, म्हणजे कलह. बायबलमधील ‘निर्गम’ या ग्रंथाच्या 17व्या अध्यायानुसार लोक त्यांचा नेता मोशे याच्याशी भांडले आणि परमेश्वर आपल्यामध्ये आहे की नाही, असे विचारू लागले. मोशेने काठीने खडकावर प्रहार केला व पाणी निघाले. तहान लागणे हा दोष नव्हता. विश्वासाला पुराव्याची अट घातली, हा होता. बायबलमधीलच ‘अनुवाद’ हा ग्रंथ (6:16) अशा परीक्षेस स्पष्ट मनाई करतो.

हेच वचन येशूने सैतानाला ऐकवले. मंदिराच्या शिरोभागावरून उडी टाक, देवदूत झेलतील, असे सैतान सुचवतो, आणि तेही 91व्या स्तोत्राचा आधार देऊन. शास्त्रवचनच मोहाचे साधन व्हावे, हा या कथेतील सर्वांत मर्मभेदी भाग होय.

मनाईचा अर्थ मात्र सरधोपट नाही. इस्राएली नेता गिदोन याने लोकर पसरून दोनदा चिन्ह मागितले व त्याला ते मिळाले. उलट, देवाने देऊ केलेले चिन्ह आहाज राजाने, परीक्षा पाहणार नाही असे म्हणत, नाकारले, तेव्हा यशया संदेष्ट्याने त्यालाच फटकारले. धार्मिक शब्दांआडही अविश्वास लपू शकतो.

मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनसने देवाची परीक्षा पाहणे हे पाप मानले. 1215च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने अग्नी वा पाण्याच्या दिव्यांना, म्हणजे देवाकडून निवाडा मागणाऱ्या कसोट्यांना, आशीर्वाद देण्यास धर्मगुरूंना बंदी केली. मराठेशाहीतही वतनाच्या तंट्यांत दिव्ये होत.