रात्रीची वीज स्वस्त, हे ठरवलं कुणी?

आजचा विषय आहे वीजबिल. थांबा, एपिसोड बदलू नका. यात रेडिओ आहे, विटा आहेत आणि हेन्री फोर्डच्या बायकोची गाडीही आहे.

माझा इंजिनिअरिंगचा रूममेट इंग्लंडमध्ये रीडिंगला असतो. त्याने गॅसचा बॉयलर काढून हीट पंप बसवला, इलेक्ट्रिक गाडी घेतली आणि मला एक एक्सेल शीट पाठवली: कुठला टॅरिफ घेऊ? तिथे वीज कंपनी निवडता येते आणि तिचा प्लॅनही, आपण मोबाइलचा रिचार्ज निवडतो तसा. एका प्लॅनमध्ये रात्रीचे पाच-सहा तास वीज एकदम स्वस्त, तो गाडीवाल्यांसाठी. दुसऱ्यात दिवसातून तीनदा मध्यम स्वस्त, पण संध्याकाळी चार ते सात चांगलीच महाग. तो हीट पंपवाल्यांसाठी. याच्याकडे दोन्ही! शीट बघताना मला प्रश्न पडला, की रात्र स्वस्त हे मुळात आलं कुठून?

त्यासाठी १८९२मध्ये जावं लागतं. जॉन हॉपकिन्सन नावाच्या इंग्लिश इंजिनिअरने एका भाषणात मांडलं, की वीजघराचा खर्च नुसत्या विकलेल्या युनिटवर ठरत नाही. सगळ्यांनी एकाच वेळी किती वीज मागितली, यावर ठरतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांना हे लगेच पटतं. सर्व्हर घ्यायचे आयपीएल फायनलच्या गर्दीसाठी, आणि एरवी ते नुसते बसून. भाडं मात्र चालूच. पुढे ब्रायटन शहरात आर्थर राइटने ही कमाल मागणी मोजणारा मीटर वापरात आणला. शिकागोचा वीजसम्राट सॅम्युएल इन्सल १८९४ला तिथे फिरायला गेला, तर साध्यासुध्या दुकानांतही दिवे झगमगतायत. चौकशी केली, हिशेब समजून घेतला आणि तो अमेरिकेला घेऊन गेला.

तेव्हा वीज म्हणजे मुख्यतः दिवे. संध्याकाळी झुंबड, मध्यरात्रीनंतर मशिनं रिकामी. म्हणून तिकडच्या वीज कंपन्यांना इलेक्ट्रिक गाड्या फार प्रिय होत्या. हो, शंभर वर्षांपूर्वी! गाडी रात्री चार्ज होते, म्हणजे रिकाम्या मशिनला गिऱ्हाईक. खुद्द हेन्री फोर्डची बायको क्लारा डेट्रॉइट इलेक्ट्रिक चालवायची. (घरात काय बोलणं होत असेल, कल्पना करा.) नंतर पेट्रोलने बाजी मारली आणि रात्र पुन्हा रिकामी झाली.

ब्रिटनने ती रात्र विटांनी भरली. १९४७च्या हिवाळ्यात कोळसा इतका कमी पडला, की घरांची वीज दिवसातले काही तास बंद ठेवावी लागली. संध्याकाळची मागणी पसरवायची, हे तिथल्या इंजिनिअरांच्या डोक्यात पक्कं बसलं. साठच्या दशकात स्टोरेज हीटर पसरले: लोखंडी पेटी, आत जड विटा. रात्री स्वस्त विजेवर विटा तापवायच्या, दिवसभर त्या ऊब सोडतात. १९७८ला 'इकॉनॉमी सेव्हन' आला, रात्रीचे सात तास स्वस्त. कोळशाची आणि अणुवीज केंद्रं रात्री सहज बंद करता येत नाहीत, म्हणून ही सोय. अडचण अशी, की विटा संध्याकाळपर्यंत गार व्हायच्या. दिवसभर घरात असलेल्या म्हाताऱ्या माणसांना नेमकं थंडीच्या वेळी कुडकुडावं लागायचं, नाहीतर महागाचा हीटर लावावा लागायचा.

आता माझा सगळ्यात आवडता भाग. हजारो घरांतले मीटर एकदम 'रात्र' मोडमध्ये कसे न्यायचे? इंटरनेट नाही, मोबाइल नाही. ऐंशीच्या दशकात त्यांनी बीबीसी रेडिओ फोरची लाँग वेव्ह वापरली. ड्रॉइटविचच्या टॉवरवरून बातम्या चालू असतानाच त्याच लहरीच्या फेजमध्ये बारीक बदल करून संदेश पाठवायचे: अमुक गटाचे हीटर चालू, तमुक बंद. ऐकणाऱ्याला पत्ताच नाही! हे जवळपास चाळीस वर्षं चाललं. लाँग वेव्हची यंत्रं जुनी झाल्यामुळे ३० जून २०२५पासून ही सेवा टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतली. ज्यांचा मीटर वेळेत बदलला नाही त्यांचा हीटर बंदच राहील किंवा चालूच राहील, ही भीती खरी होती. यात भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहणारे आणि वयस्कर बरेच.

आता मित्राची शीट. दर मी सोयीसाठी गोल धरतोय. गाडीला वर्षाला २,५०० युनिट, हीट पंपला ४,०००. गाडीचा प्लॅन: रात्री ८ पेन्स, एरवी २८. पंपाचा प्लॅन: स्वस्त वेळी १४, एरवी २८, संध्याकाळी ४२. पंपाला रात्रीच सगळं उरकता येत नाही. तो हळूहळू, दिवसभर चालला तरच एका युनिट विजेत तीनेक युनिट उष्णता देतो. म्हणून गाडीच्या प्लॅनमध्ये त्याचं २० टक्केच काम रात्री धरलं. पंपाच्या प्लॅनमध्ये निम्मं स्वस्त वेळी आणि ५ टक्के संध्याकाळी. उत्तर: गाडीचा प्लॅन १,१६० पाउंड, पंपाचा १,२१८. पण गाडी निम्मीच फिरली, तर १,०६० विरुद्ध १,०४३, म्हणजे निकाल उलटा! मी त्याला म्हटलं, "बाबा रे, आधी गाडी खरंच किती फिरते ते बघ."

आणि आपल्याकडे? इथे घड्याळ उलटं आहे. सौरऊर्जेमुळे आपली स्वस्त वीज भर दुपारी. २०२३च्या केंद्राच्या नियमांनी वेळेनुसार दर आणायला सांगितलं, आणि १ जुलै २०२५पासून महावितरणने स्मार्ट टीओडी मीटर असलेल्या घरगुती ग्राहकांना सकाळी ९ ते संध्याकाळी ५च्या वापरावर युनिटमागे ८० पैसे ते १ रुपया सवलत सुरू केली. वॉशिंग मशीन दुपारी लावा, ठीक. पण ज्याची इलेक्ट्रिक स्कूटर त्या वेळात ऑफिसच्या पार्किंगमध्ये उभी असते आणि तिथे प्लगच नाही, त्याला ही सवलत कशी मिळणार? रीडिंगमध्ये गाडी रात्री दारात असते, म्हणून तिथलं गणित जमतं. आपल्याकडे चार्जिंग पॉइंट सोसायटीपेक्षा ऑफिसात आणि स्टेशनबाहेर हवेत. तुमच्या ऑफिसात आहेत का? कमेंटमध्ये सांगा.