राणीच्या बागेंतील झाडें आणि पुतळे

आटपाडी, खानापूर, माण हा सारा पर्जन्यछायेचा मुलूख. पाऊस हुकला कीं येथील माणूस मुंबईची वाट धरी व भायखळा, परळ, लालबाग या गिरण्यांच्या भागांत बिऱ्हाड थाटी. गांवाकडचा पाहुणा आला म्हणजे सुटीच्या दिवशीं त्यास राणीची बाग दाखवावयाची, हा त्या वस्तीचा जणूं कुलाचारच होता. पाहुणा वाघ, अस्वल, हत्ती पाही आणि मुंबई पाहिल्याचें समाधान घेऊन परते. परंतु या बागेंत प्राणी मागाहून आले. मूळची ती वनस्पतींची बाग. आणि तिचा खरा इतिहास तिच्या झाडांत व दगडांत सांठविलेला आहे.

या बागेच्या आधीं शिवडी येथें कृषि व उद्यान मंडळाची एक बाग होती. ती जागा पुढें दफनभूमीसाठीं घेण्यांत आली. तेव्हां माझगांवच्या बाजूची जमीन मिळवून १८६१ सालीं नव्या बागेचें काम सुरू झालें. १९ नोव्हेंबर १८६२ रोजीं गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या पत्नीच्या हस्तें ती लोकांस खुली झाली आणि तिला व्हिक्टोरिया राणीचें नांव देण्यांत आलें. अमेरिकेंतील यादवी युद्धामुळें मुंबईच्या कापसास त्या वेळीं सोन्याचा भाव आला होता व शहरांत पैसा खेळत होता. बागेला लागूनच पदार्थसंग्रहालय उभें करण्याच्या खटपटींत डॉ. जॉर्ज बर्डवुड यांच्या बरोबरीनें डॉ. भाऊ दाजी लाड व नाना शंकरशेट हेही होते. तें संग्रहालय १८७२ सालीं उघडलें. पुढच्याच वर्षीं बाग नगरपालिकेच्या ताब्यांत आली. आरंभीं ती तेहतीस एकरांची होती. १८९० सालीं तींत आणखी पंधरा एकरांची भर पडली.

बागेंत शिरल्यावर प्रथम डोळ्यांत भरते ती आफ्रिकेची गोरखचिंच. तिचें खोड एवढें रुंद असतें कीं चार माणसांनीं हात गुंफले तरी कवेंत येऊं नये. दक्षिण अमेरिकेंतून आलेल्या कैलासपतीचीं फुलें खोडालाच लागतात, आणि त्यांतील शिवलिंगासारखा आकार पाहून आपल्या लोकांनीं त्या परक्या झाडाला देवाचें नांव दिलें. ब्रह्मदेशच्या उर्वशीचे लोंबते लाल घोस पाहण्यास जाणकार दुरून येतात. शेजारींच आपला सीतेचा अशोकही आहे. दूरदेशचीं हीं झाडें मुंबईच्या मातींत रुजलीं, तिच्या पावसावर वाढलीं व तिचींच झालीं.

दगडांची कथा निराळी आहे. संग्रहालयाच्या आवारांत एक प्रचंड पाषाणाचा हत्ती उभा आहे. हा मूळचा घारापुरी बेटावरचा. त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनीं त्या बेटास एलिफंटा असें नांव दिलें. १८१४ सालीं त्याची मान व डोकें गळून पडलें. १८६४ सालीं उरलेलें धडही कोसळलें. ते तुकडे या बागेंत आणण्यांत आले आणि विसाव्या शतकाच्या आरंभीं ते पुन्हां जुळविण्यांत आले. बेटाला नांव देणारा हत्ती असा बेटावरून गेला आणि त्याचें नांव तेवढें मागें राहिलें.

हत्तीच्या मागोमाग राजेही येथें आले. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या पैशानें व्हिक्टोरिया राणीचा संगमरवरी पुतळा घडविण्यांत आला होता; तो १८७२ सालीं कोटांत बसविला गेला. सातव्या एडवर्डाचा अश्वारूढ पुतळा सर आल्बर्ट ससून यांनीं दिला. त्याच्या काळ्या घोड्यावरून तेथील चौकाचें नांव पडलें. स्वातंत्र्यानंतर, १९६५ च्या सुमारास, हे पुतळे रस्त्यांवरून काढून भायखळ्यास आणण्यांत आले. ज्या राणीच्या नांवानें बाग उघडली, ती शंभर वर्षांनीं त्याच बागेच्या आश्रयास आली! पुढें बागेस वीरमाता जिजाबाई भोसले यांचें व संग्रहालयास डॉ. भाऊ दाजींचें नांव मिळालें. लोकांच्या तोंडीं मात्र राणीची बागच राहिली. आणि ही राणी कोणती, हें तेथें खेळणाऱ्या मुलांना विचारावेसेंही वाटत नाहीं.

पुतळा उचलतां येतो, फुटला तर जुळवितां येतो, त्याचें नांव बदलतां येतें. दीडशें वर्षांच्या झाडाचें तसें नाहीं. एकविसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत येथील प्राणिसंग्रहालय नव्यानें बांधण्याची मोठी योजना पुढें आली. तेव्हां वृक्षप्रेमी नागरिकांनीं हरकत घेतली ती याच कारणानें. पिंजरे बदलावेत, प्राण्यांस चांगली जागा मिळावी, याला त्यांचा विरोध नव्हता. परंतु त्यासाठीं तोडलेली गोरखचिंच कोणत्याही निधींतून परत आणतां येणार नव्हती. आज गर्दी पेंग्विन पाहण्यास लोटते. त्या गर्दीवर सावली धरणारीं झाडें त्या नागरिकांच्या जागरूकतेचीही ऋणी आहेत.

आटपाडीच्या माणसास ही गोष्ट परकी वाटूं नये. १९४८ पर्यंत आटपाडी औंध संस्थानांत होती, आणि त्या संस्थानचे अधिपति भवानराव पंतप्रतिनिधि यांनीं १९३८ सालीं औंधास संग्रहालय उघडून चित्रें व शिल्पें सामान्य प्रजेच्या दृष्टीस आणलीं. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराची माता व बालकाची कृति त्या खेड्यांत आहे. शिल्पाची जोपासना राजाला करतां आली. झाडाला मात्र पाणी लागतें, आणि तेंच या मुलखांत नव्हतें. आतां टेंभू योजनेचें पाणी तालुक्यांत आलें आहे व डाळिंबाच्या बागा त्यावर उभ्या आहेत. त्यांतलें थोडें पाणी सर्वांच्या मालकीच्या एखाद्या बागेस मिळालें, तर दीडशें वर्षांनंतरच्या माणसास सावलीसाठीं भायखळ्यापर्यंत जावें लागणार नाहीं.