कुलगुरूंच्या अंगावरचा दरबार

कन्हानच्या काठावरच्या कामठीचे खाणमालक रावबहादूर डी. लक्ष्मीनारायण यांनी आपल्या संपत्तीचा मोठा वाटा नागपूर विद्यापीठाला दिला आणि त्यातून १९४२ साली लक्ष्मीनारायण तंत्रशास्त्र संस्था उभी राहिली. पैसा या मातीतला, शिकणारी पोरं कन्हान, रामटेक, उमरेडकडची. पदवीदानाच्या मंचावर कुलगुरू जो झगा घालून येतात, त्याचा नमुना मात्र नागपूरच्या कुठल्याच कोष्ट्याने आखलेला नाही. तो इंग्रजांनी आणला, एवढं सांगून आपण मोकळे होतो. पण खुद्द इंग्लंडात या झग्याची दोन वेगळी घराणी आहेत, आणि कुलगुरूंचं घराणं विद्यार्थ्यांच्या घराण्याहून निराळं आहे. हा फरक लक्षात घेतला, की आजचे कुलगुरू कार्यालयात काय घालतात याचाही उलगडा होतो.

विद्यार्थ्याचा काळा झगा चर्चमधून आला. मध्ययुगात विद्यापीठात शिकणारे धर्मसेवकच मानले जात. १२२२ साली ऑक्सफर्डच्या धर्मसभेत आर्चबिशप स्टीफन लँग्टन यांनी अशा मंडळींना समोरून बंद असलेला लांब झगा सक्तीचा केला. पाठीवर लोंबणारं रंगीत हूड हे मुळात थंडीत डोकं झाकायचं टोपरं. विद्यापीठाच्या प्रमुखाच्या झग्याला जी सोनेरी किनार दिसते, तिचा मात्र चर्चशी संबंध नाही. सोनेरी लेसचा तो काळा झगा राजदरबाराचा. इंग्लंडमध्ये लॉर्ड चॅन्सेलर आणि कॉमन्स सभागृहाचे अध्यक्ष समारंभाला तसाच घालत, विद्यापीठांचे चॅन्सेलर म्हणजे कुलपतीही. थोडक्यात, शिकणाऱ्याने धर्माचा वेश घेतला आणि चालवणाऱ्याने राज्याचा. कोलकाता, मुंबई, मद्रास ही विद्यापीठं १८५७ साली लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर निघाली, तेव्हा दोन्ही घराणी एकाच पेटाऱ्यातून इकडे उतरली.

इकडे आल्यावर दरबाराचं नातं आणखी घट्ट झालं, कारण प्रांताचा गव्हर्नर हाच कुलपती. मुंबई विद्यापीठाचे पहिले भारतीय कुलगुरू काशिनाथ त्र्यंबक तेलंग (१८९२) हे हायकोर्टाचे न्यायमूर्ती. १९२३ साली नागपूर विद्यापीठ स्थापन झालं आणि पहिले कुलगुरू झाले सर बिपिन कृष्ण बोस, वकील. पुढे दोनदा ते पद सांभाळणारे सर हरिसिंग गौर बॅरिस्टर. आणखी एक कुलगुरू भवानीशंकर नियोगी न्यायाधीश. या माणसांना कुलगुरू झाल्यावर काय घालावं हा प्रश्न पडण्याचं कारणच नव्हतं. कोर्टाचा कोट होताच. एखादे रामकृष्ण गोपाळ भांडारकर अपवाद म्हणून दाखवता येतील: १८९३ मध्ये कुलगुरू झालेले हे संस्कृत पंडित काही वकील नव्हते. पण त्यांनीही पगडी डोक्यावर ठेवली ती सरकारने मान्य केलेल्या रिवाजातच. पगडी घरची आणि अंगावरचा थाट सरकारी, ही तडजोड त्या पिढीला अवघड वाटली नाही.

आता रोजच्या कपड्यांकडे येऊ. झग्याला नियम आहे, कार्यालयातल्या पोशाखाला नाही. असं असूनही बुशशर्टात शिकवणारा प्राध्यापक कुलगुरू झाला की बहुधा कोटात किंवा बंद गळ्यात दिसू लागतो. यावर कोणी म्हणेल की ही ज्याची त्याची आवड, त्यात इतिहास कशाला शोधायचा? आवडच असती तर पंचेचाळीस अंशांच्या नागपुरी मे महिन्यात कोट पहिला बाद झाला असता. तो टिकतो, कारण कुलगुरूंची नेमणूक कुलपती म्हणजे राज्यपाल करतात, निधीसाठी मंत्रालयाचे जिने चढावे लागतात, आणि दारात मोर्चा आला तर निवेदन स्वीकारणारा माणूस अधिकारी दिसावा लागतो. वर्ग सुटला की श्रोते बदलतात आणि कपडे श्रोत्यांप्रमाणे ठरतात. महिला कुलगुरूंची साडी या म्हणण्याला छेद देते असं वरवर वाटेल. पण १९४९ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठाच्या कुलगुरू झालेल्या हंसा मेहता त्याआधी घटना समितीत साडी नेसूनच बसल्या होत्या. त्यांच्यापुरता तो राज्यकारभाराचाच वेश झाला होता.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही सगळी गुलामीची खूण, फेकून द्या. २०१० मध्ये भोपाळला वन व्यवस्थापन संस्थेच्या समारंभात केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी झगा उतरवला तो याच भावनेने. २०१९ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने हातमागाच्या पोशाखाचा आग्रह धरला. २०२४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने एम्ससारख्या संस्थांना काळा झगा सोडून त्या त्या राज्याच्या परंपरेप्रमाणे पोशाख ठरवायला सांगितलं. हातमागाला माझा विरोध असण्याचं कारण नाही. मात्र हे बदल कसे आले ते पाहा: मंत्र्याच्या मंचावरून आणि दिल्लीच्या पत्रातून. कापड स्वदेशी झालं तरी प्रमुखाने काय घालावं हे राज्याकडे पाहूनच ठरणार असेल, तर सोनेरी किनारीचं घराणं अबाधितच राहिलं म्हणायचं. २००५ पासून नागपूर विद्यापीठाला तुकडोजी महाराजांचं नाव आहे. प्राथमिक शाळेपलीकडे न गेलेल्या, साध्या भगव्या वस्त्रांतल्या या माणसाच्या नावाखाली दरबारी किनार कितपत शोभते, हा प्रश्न पत्राची वाट न पाहता विद्यापीठाच्या अधिसभेतच विचारता येईल.

झग्याला पर्यायांची वाण नाही. शेजारच्या भंडारा जिल्ह्यात करवतीकाठाचं टसर विणलं जातं. फक्त कापडाबरोबर बेतण्याचाही विचार व्हावा. जुन्या पद्धतीच्या हूडला पुढे शर्टाच्या बटणात अडकवायची एक छोटी फीत असते, कारण शिवणाऱ्याने पुरुषच डोळ्यासमोर धरला होता. साडीवर ते हूड सेफ्टी पिनेने टाचावं लागतं. टसरचं नवं हूड शिवताना ती फीत तशीच ठेवली, तर बदल कापडापुरताच राहील.